धुराडं वरून खाली तपासा: चूल, बंब आणि फायरप्लेस असलेल्या घरांसाठी

सोलापुरात दसरा झाला की माझ्याकडं धुराड्याची कामं सुरू होतात. कडक भाकरी करणाऱ्या मावश्या, खानावळवाले, बेकरीवाले, पूर्व भागातले सूत रंगवणारे, कसब्यातल्या जुन्या वाड्यांत अजून बंब पेटवणारी वडीलधारी माणसं असे सगळे येतात. अलीकडं तुळजापूर रस्त्याला फार्महाऊस बांधून दिवाणखान्यात फायरप्लेस करून घेतलेली मंडळीही येतात. माझं काम पत्र्याचं. पाईप वळवायचे, टोप्या करायच्या, बसवायचे, आणि दुसऱ्यांनी बसवलेले तपासायचे. माझे वडील गिरणीत बॉयलरवर होते. ओढ बघितल्याशिवाय जाळ वाढवायचा नाही, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

तपासणी दसरा ते दिवाळी या काळात करून घ्या. पावसाळ्यात टोपी गंजते, जाळीत कचरा अडकतो, पारवे घरटं करतात. ओलं सरपण जाळल्यानं आतला थरही याच दिवसांत वाढतो. पुढं थंडी पडली की दारं-खिडक्या बंद होतात आणि बंब रोज पेटतो. भोगी-संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत भाकरीची मागणी वाढते, तेव्हा एकेक चूल पहाटेपासून दुपारपर्यंत विझत नाही. त्या गर्दीत कुणी धुराडं उघडत नाही.

आधी ओढ म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गरम हवा हलकी, ती वर चढते, तिच्या जागी खालून नवी हवा चुलीत शिरते. धुराडं जितकं उंच आणि आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा जितकी जास्त गरम, तितकी ओढ चांगली. सोलापुरात चिमणी म्हटलं की लोकांना सिद्धेश्वर साखर कारखान्याची २०२३च्या जूनमध्ये पाडलेली चिमणीच आठवते. तसल्या चिमण्या उंच बांधण्यामागं धूर लांब नेऊन सोडणं हे एक कारण असतं आणि ओढ हे दुसरं. घरच्या धुराड्यालाही हाच नियम लागू. म्हणून आपल्याकडं मे महिन्यात, बाहेर ४३ अंश असताना, विटांचं धुराडं दुपारी उलटं वागतं. भिंतीतल्या विटा थंड, बाहेरची हवा तापलेली, त्यामुळं आतली हवा जड होऊन खाली उतरते. चूल पेटवली की पहिली पाच-दहा मिनिटं धूर तोंडावर येतो. अशा वेळी फुंकणी घेऊन झटायचं नाही. एक वर्तमानपत्र चुरगाळून पेटवायचं आणि पाईपच्या तोंडाशी धरायचं. पाईप आतून तापला की ओढ सुरू होते, मग सरपण लावायचं.

ओढ तपासायला उदबत्ती पुरते. चूल थंड असताना सगळी दारं-खिडक्या लावा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा आणि इलेक्ट्रिक चिमणी चालू करा, आणि उदबत्ती धुराड्याच्या तोंडाशी धरा. धूर आत गेला तर ठीक. धूर खोलीत परत आला तर पंखा धुराड्यातून हवा खाली खेचतोय. नव्या बंगल्यांत हे फार बघतो. ओट्यावर मोठी इलेक्ट्रिक चिमणी, मागच्या बाजूला हौसेची चूल, आणि दोन्ही एकदम चालू. चूल पेटलेली असताना पंखा बंद आणि खिडकी उघडी ठेवायची. दुसरी तोड नाही.

धूर परत आल्यावर डोळे चुरचुरतात, हे सगळ्यांना कळतं. न दिसणारं कळत नाही. अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला धरतं त्याच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट ते या वायूला धरतं. त्यामुळं माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. धूर देणाऱ्या लाकडापेक्षा लालबुंद निखाऱ्यांचं भय जास्त, कारण निखाऱ्यांना धूर नसतो आणि हा वायू मात्र भरपूर सुटतो.

शेळगीकडं भाकरीचं काम करणाऱ्या एका घरी मी गेलो होतो. चुलीला झडप बसवून हवी होती. तिथल्या मावशी डोकं धरून बसल्या होत्या.

"जागरणानं दुखतंय की ओ दादा," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "तुमचंच का सगळ्यांचं?"

"सुनेचंबी दुखतंय. पोरगं सकाळी ओकलं. थंडी बाधली असंल."

एका छताखालच्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतीय, आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय, ही थंडी बाधल्याची लक्षणं नव्हेत. मी आधी सगळ्यांना अंगणात आणलं, मग दारं-खिडक्या उघडल्या, मग चूल विझवली. याच क्रमानं करा. माणसं आधी, आग नंतर. कुणी भोवळ येऊन पडलं असेल तर मोकळ्या हवेत आणून १०८ला फोन करा आणि चूल किंवा बंब पेटला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, नाहीतर उपचार वेगळ्याच दिशेला जातात. त्या घराच्या पाईपच्या टोपीत पारव्याचं घरटं होतं. काड्या, पिसं आणि टॉवेल कारखान्याच्या सुताचे गोळे यांनी सहा इंची पाईप जवळजवळ बुजला होता.

हा वायू ओळखणारा अलार्म ऑनलाइन मिळतो. चूल, बंब, गॅस गिझर किंवा फायरप्लेस असलेल्या प्रत्येक घरात तो असावा, आणि झोपायच्या खोलीजवळ असावा. बॅटरी महिन्यातून एकदा बटण दाबून तपासा.

आता प्रत्यक्ष तपासणी. अमेरिकेत धुराडी आणि फायरप्लेससाठी एनएफपीए २११ नावाचं मानक आहे. त्यात वर्षातून एकदा तपासणी करावी असं सांगितलंय आणि तिचे तीन स्तर ठरवलेत. पहिला स्तर म्हणजे काही न उचकटता जे दिसतं ते बघणं, जिथं चूल आणि जळण पूर्वीचंच आहे अशा ठिकाणी. दुसरा स्तर घर विकताना, जळण किंवा चूल बदलताना, किंवा धुराड्यात आग लागून गेल्यावर. त्यात आत कॅमेरा सोडून बघतात, छताच्या वरखालच्या जागा बघतात. तिसऱ्या स्तरात भिंत किंवा छत फोडून बघावं लागतं. आपल्याकडं धुराडी तपासायचा वेगळा धंदा नाही. पत्रेवाला, गवंडी नाहीतर फॅब्रिकेशनवाला हे काम करतो. पण हे तीन स्तर मी माझ्या कामात वापरतो, कारण त्यानं गिऱ्हाईकाला नेमकं सांगता येतं की आज काय बघितलं आणि काय बघायचं राहिलं.

चूल पूर्ण एक दिवस थंड असली पाहिजे. राखेत निखारा दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतो, म्हणून राख आधी पत्र्याच्या डब्यात काढून, झाकण लावून घराबाहेर, भिंतीपासून लांब ठेवा. प्लॅस्टिकची बादली नको, गोणपाट नको. मग तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, हातमोजे. सोबत टॉर्च, छोटा आरसा, तारेचा ब्रश आणि मोबाइल. चुलीच्या तोंडावर जुनी चादर बांधा, म्हणजे काजळी घरभर उडत नाही.

सुरुवात वरून करायची. खालून सुरू केलं की वरची काजळी पुन्हा खाली पडते, आणि बहुतेक अडथळे टोपीतच असतात. छतावर जाताना दोन गोष्टींना मी स्वतः घाबरतो. एक, सिमेंटचे पत्रे. जुना पत्रा पायाखाली कसलीही सूचना न देता फुटतो. त्यावर थेट उभं राहायचं नाही; बोल्टांच्या रांगेवर, म्हणजे खालच्या आडव्या आधारावर, फळी टाकून तिच्यावरून चालायचं. त्यातले कितीतरी पत्रे ॲस्बेस्टॉसचे आहेत. ते कोरडे कापायचे किंवा भोक पाडायचे नाहीत, ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. दुसरी, विजेच्या तारा. साखर पेठेसारख्या गल्ल्यांत तारा हाताच्या अंतरावरून जातात. ब्रशची लोखंडी कांडी वर काढताना तारेला लागली तर माणूस जागच्या जागी जातो. तार जवळ असेल तर वीज कंपनीला सांगून लाइन बंद करून घ्या, किंवा काम करू नका.

वर काय बघायचं? टोपी जागेवर आहे का, जाळी मोकळी आहे का, पाईप कलला आहे का, ताणाच्या तारा सैल आहेत का. उंचीचा एक नियम बऱ्याच ठिकाणी मानतात: धुराडं छतातून जिथं बाहेर येतं तिथून किमान ३ फूट वर हवं, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल, मग ती पाण्याची टाकी असो की शेजारची भिंत, त्याच्याही २ फूट वर हवं. आपल्याकडं हे सर्रास मोडतं, कारण चूल आधीची असते आणि शेजाऱ्याचा मजला नंतर चढतो. भिंतीवर आपटलेला वारा खाली वळतो आणि धूर परत आत ढकलतो. लोक चूल बदलतात, सरपण बदलतात. खरं म्हणजे पाईपचे दोन तुकडे वाढवले की काम होतं.

मग आत टॉर्च मारा. मोबाइलचा व्हिडिओ चालू करून, त्याची टॉर्च लावून, दोरीनं पिशवीत बांधून हळूहळू खाली सोडला तरी पुष्कळ दिसतं. काजळी तीन तऱ्हेची असते. भुकटीसारखी कोरडी काजळी ब्रशनं निघते. कुरकुरीत पापुद्रे आले असतील तर ब्रश जोरात चालवावा लागतो. तिसरी काळी, चकचकीत, डांबर ओतल्यासारखी. ती ब्रशनं निघत नाही आणि पेट घ्यायचा धोका तिचाच सगळ्यात जास्त. थर ३ मिलिमीटरच्या आसपास गेला की सफाई टाळायची नाही. चकचकीत थर असेल तर मी पत्र्याचा पाईप घासत बसत नाही, बदलतो. विटांचं धुराडं असेल तर दुसऱ्या स्तराची तपासणी सांगतो.

हा डांबरी थर ओल्या लाकडानं होतो. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. जाळाची ताकद ते उडवण्यात जाते, धूर थंड राहतो आणि पाईपच्या भिंतीला चिकटतो. लाकडात पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली हवं. बाभळीची फोडलेली लाकडं आपल्या उन्हात उन्हाळाभर वाळली की पुरे. फक्त पाऊस सुरू व्हायच्या आत ती पत्र्याखाली गेली पाहिजेत. वाळलेली दोन लाकडं एकमेकांवर आपटली की टणटण वाजतात, ओली बद्द वाजतात. तुराट्या पेटवायला चांगल्या. पण टॉवेल कारखान्याची रंगीत चिंधी, प्लॅस्टिक, पॉलिश केलेल्या फळ्या चुलीत घालू नका. फुकट मिळतात म्हणून लोक घालतात, आणि त्या धुराजवळ भाकरी थापणाऱ्या बाईची छाती भरते.

आता ज्या जागेसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ती जागा: पाईप छतातून आरपार जातो तिथं. कसब्यातल्या वाड्यांत माळवद असतं. वरून माती दिसते, म्हणून सगळ्यांना वाटतं मातीला काय जळतंय. पण मातीखाली तुळया आहेत, फळ्या आहेत, काही ठिकाणी काटक्या-पाचट आहे. पाईप त्यांना चिकटून गेला असेल तर लाकूड एका दिवसात पेटत नाही. ते वर्षानुवर्षं भाजत राहतं, काळं पडतं, आणि असं भाजलेलं लाकूड ताज्या लाकडापेक्षा कमी उष्णतेला पेट घेतं. म्हणून "तीस वर्षं असंच आहे, काही झालं नाही" हे ऐकलं की मला धीर येत नाही, उलट घाई होते. इतकी वर्षं भाजलेली तुळई जास्त धोक्याची.

इथं तीन गोष्टी बघा. पाईपभोवतीचं लाकूड काळवंडलंय का. चूल पेटल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं छताला त्या जागी हाताचा मागचा भाग जवळ नेऊन बघा, चटका बसण्याइतकं तापतंय का. आणि फट कशानं भरलीय. सोलापुरात ही फट हमखास टॉवेलच्या चिंध्यांनी भरून वरून सिमेंट फिरवलेलं असतं. म्हणजे तापणाऱ्या पाईपभोवती सूत गुंडाळून ठेवलेलं. ते आजच्या आज काढा. साध्या एकेरी पत्र्याच्या पाईपपासून जळणारी कुठलीही वस्तू १८ इंच लांब हवी. माळवदात तेवढं भोक पाडणं जमत नाही, तेव्हा एकेरी पाईप छतातून न्यायचाच नाही. एक तर मध्ये उष्णतारोधक भरलेला कारखान्यात बनवलेला दुहेरी पाईप, छतातून जाताना लागणाऱ्या त्याच्या खास तुकड्यासकट, बसवायचा, नाहीतर पाईप बाजूच्या दगडी किंवा विटांच्या भिंतीतून बाहेर काढून वर न्यायचा. मी बहुतेक वेळा दुसरा उपाय सुचवतो. खर्च कमी आणि तुळई शाबूत.

जोडांबद्दल थोडं. वरच्या तुकड्याचं खालचं टोक खालच्या तुकड्याच्या आत बसलं पाहिजे. उलटं बसवलं की आतला चिकट रस जोडातून बाहेर ओघळतो. पाईपवर तपकिरी ओघळ दिसले की हेच झालंय असं समजा. प्रत्येक जोडाला किमान तीन स्क्रू. आडवा पाईप शक्य तितका आखूड आणि फुटामागं पाव इंच वर चढता. चुलीला लागून असलेला पहिला तुकडा जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा, नको. जस्ताचा मुलामा तापला की त्याची वाफ बाधते. तिथं काळा पत्रा किंवा स्टेनलेस स्टील वापरा. खेड्यांत १९८०च्या दशकातल्या सरकारी योजनेतल्या निर्धूर चुलींचे सिमेंटचे पाईप अजून दिसतात. त्यांना तडा असेल तर लिंपत बसू नका, बदला.

बंबाचं वेगळं. मधल्या नळीतूनच धूर जातो, भोवती पाणी. नळीत काजळी साचली की पाणी उशिरा तापतं आणि धूर खालच्या तोंडातून येतो. आठवड्याला एकदा काठीला चिंधी बांधून नळी पुसा. पाणी भरल्याशिवाय पेटवायचा नाही, सांध्यांना दिलेले डाग सुटतात. आणि बंब न्हाणीघरात नको, परसात किंवा गच्चीवर हवा. बंद न्हाणीघरात निखाऱ्यांचा बंब ठेवून अंघोळीला बसणं जिवावर बेततं. गॅस गिझरलाही हेच लागू: तो न्हाणीघराबाहेर बसवा.

फार्महाऊसवाल्यांच्या फायरप्लेसमध्ये मला एकच चूक वारंवार दिसते. तोंड मोठं, धुराडं बारीक. गोल धुराड्याच्या आतल्या छेदाचं क्षेत्रफळ तोंडाच्या क्षेत्रफळाच्या साधारण बाराव्या भागाएवढं आणि चौकोनी असेल तर दहाव्या भागाएवढं हवं. तीन फूट बाय अडीच फूट तोंडाला सहा इंची पाईप लावला तर पाहुण्यांच्या डोळ्यांत धूर जाणारच. एवढ्या मोठ्या तोंडाच्या पुढं किमान २० इंच आणि दोन्ही बाजूंना १२ इंच फरशी जळणारी नको. तिथं गालिचा अंथरू नका. ठिणग्यांसाठी जाळीचा पडदा लावा. आग पूर्ण विझून राख थंड होईपर्यंत वरची झडप बंद करू नका. झोपताना थंडी येते म्हणून झडप लावली जाते, आणि निखाऱ्यांचा वायू खोलीत राहतो.

तपासणीला माणूस बोलवाल तेव्हा फोनवर त्याला विचारा: छतावर चढणार का, आतला फोटो दाखवणार का, काय बघितलं ते लिहून देणार का. न बघता भाव सांगणारा नको. फक्त खालचा गुडघा, म्हणजे पाईपचं वळण, उघडून, दोन घमेली काजळी काढून "झालं" म्हणणारा तर अजिबात नको. त्यानं लिहून दिलेला कागद चुलीजवळच्या भिंतीवर चिकटवा: तारीख, कुठला स्तर, काय बदललं, काय राहिलं.

धुराड्यातच आग लागली तर आवाज येतो, घुमल्यासारखा. पाईप लाल होतो, टोपीतून ठिणग्या उडतात. आतली उष्णता हजार अंशांच्या वर जाऊ शकते. पहिल्यांदा सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ला फोन करा. वेळ असेल तर चुलीचं तोंड आणि झडप बंद करून हवा तोडा, आणि गॅस सिलिंडर बाहेर काढणं सुरक्षित असेल तरच काढा. वरून पाणी ओतू नका. एकदम वाफ होऊन विटा फुटतात आणि ओतणारा भाजतो. आग विझली तरी अग्निशमन दलाच्या लोकांना माळवद बघायला सांगा, तुळईत धुमसणारा विस्तव बाहेरून दिसत नाही. त्यानंतर पाईप सरळ दिसला, धूर नीट गेला, तरी चूल लावायची नाही. पाईपचा रंग निळसर झालाय का, विटांत तडे गेलेत का, हे आत कॅमेरा सोडूनच कळतं. म्हणजे दुसऱ्या स्तराची तपासणी लागते. ती होईपर्यंत भाकरीचं काम शेजारच्या चुलीवर न्या.